जीभ कुठे ठेवायची, आवंढा कसा गिळायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाणी आणि गिळण्याच्या तक्रारींवर काम करताना तेच तेच प्रश्न वर्षानुवर्षं येत राहतात. कधी आईबापांकडून, कधी तारा लावलेल्या मुलांकडून, कधी घोरणाऱ्या माणसाच्या बायकोकडून. ते इथे एकत्र केले आहेत. क्रमांक अशासाठी दिले आहेत, की एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर तिकडे बोट दाखवता यावं. घाई असेल तर १, ६ आणि ८ वाचा. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर मात्र बाकी सगळं सोडून आधी २१ वाचा.

१. बोलत नसताना, खात नसताना जीभ नेमकी कुठे असावी?

वर, टाळूला हलकेच टेकलेली. 'न' म्हणा आणि म्हणता म्हणता थांबा. जिभेचं टोक जिथे लागलं, ती जागा. वरच्या पटाशीच्या दातांच्या जरा मागे हिरडीचा उंचवटा असतो. स्वच्छ बोटाने चाचपलंत तर तिथे एक बारीक गाठ लागेल आणि तिच्या मागे आडव्या वळ्या. टोक त्या वळ्यांपाशी हवं. काहींचं 'न' म्हणताना टोक थेट दातांनाच लागतं. तसं असेल तर ते किंचित मागे घ्या.

टोक जागेवर आलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं आणि जिभेचा मधला-मागचा भाग खालीच राहतो. आता 'रंग' म्हणा, पण 'ग' तोंडातून फुटायच्या आत थांबा. जीभ मागून वर उचलली गेलेली जाणवेल. 'न'चं टोक आणि 'रंग'मधली ती मागची उचल, दोन्ही एकदम साधली की जीभ टाळूला सपाट बसते. ओठ मिटलेले, श्वास नाकाने. जोर अजिबात नको. दाबून धरावी लागत असेल तर तो विसावा नाही.

२. हे वाचेपर्यंत माझी जीभ खालच्या दातांमागे पडली होती. म्हणजे माझं काही बिघडलं आहे का?

लगेच तसं समजू नका. लक्ष गेलं की जीभ कुठेही गेल्यासारखी वाटते, जसं श्वासाकडे लक्ष गेलं की तो नीट घेतोय की नाही असं वाटू लागतं. दात नीट जुळतात, नाक मोकळं आहे, उच्चार स्वच्छ आहेत, झोप चांगली लागते, तर काही करायची गरज नाही. या चारांपैकी एखादी गोष्ट अडत असेल तर पुढे वाचा.

३. त्या वेळी दात एकमेकांवर टेकलेले असावेत का?

नाही. ओठ मिटलेले आणि दात सुटे. वरच्या-खालच्या दाढांमध्ये साधारण २ ते ४ मिलिमीटर अंतर राहतं, आणि ते राहायलाच हवं. दात भेटतात ते चावताना आणि गिळताना, तेही क्षणभर. दिवसभर दात आवळून बसणाऱ्यांना कानशिलं दुखण्याची, दाढा झिजण्याची तक्रार घेऊन यावं लागतं. अशांना जीभ वर ठेवण्याचा एक फायदा लगेच मिळतो: जीभ टाळूला हलकी टेकलेली असली की जबडा सैल सोडणं सोपं जातं.

४. गिळायचं योग्य तंत्र म्हणजे काय? ते तर सगळ्यांना जन्मापासून येतंच.

येतं, पण ते पुढे बदलायचं असतं (प्रश्न ७). मोठ्या माणसाच्या गिळण्यात आधी जिभेचं टोक प्रश्न १ मधल्या जागेवर टेकतं. कडा दाढांच्या आतल्या बाजूने टाळूला चिकटतात आणि लाळ किंवा घास मध्ये पकडला जातो. मग जीभ पुढून मागे, लाटेसारखी, टाळूवर दाबत जाते. बहुतेकांच्या दाढा या वेळी हलक्या टेकतात. ओठ नुसते मिटलेले असतात, त्यांना काही काम नसतं.

घास मागे पोचला की सूत्रं आपल्या हातात राहत नाहीत. मऊ टाळू वर उचलून नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर येतं, त्यावरचं झाकण खाली झुकतं, स्वरतंतू मिटतात आणि श्वास थांबतो. हे सगळं साधारण एका सेकंदात. गळ्यावर दोन बोटं ठेवून आवंढा गिळा. कंठमणी वर जाऊन खाली आलेला हाताला लागेल. सरावाने बदलता येतो तो फक्त तोंडातला पहिला भाग. 'गिळण्याचं तंत्र सुधारणं' म्हणजे तेवढंच.

५. माझं किंवा मुलाचं गिळणं चुकतंय का, हे घरी कसं ओळखायचं?

आरशासमोर बसा. लहानसा घोट तोंडात घ्या, गिळा, आणि चेहऱ्याचा खालचा भाग पाहा. ओठ घट्ट आवळले जातात का? हनुवटीवर खड्डे पडतात का? डोकं पुढे झुकतं का? मग पुन्हा घोट घेऊन गिळताना खालचा ओठ बोटाने हळूच खाली ओढा. नीट गिळणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. जीभ पुढे ढकलणाऱ्याला गिळताच येत नाही, किंवा दातांच्या फटीतून पाणी बाहेर येतं.

आठ वर्षांची एक मुलगी समोर बसली होती, ती आठवते. नुसती बसलेली असताना चेहरा शांत. आवंढा गिळताना मात्र दर वेळी हनुवटीवर बारीक खळगे उमटायचे आणि लगेच मिटायचे. आई शेजारीच होती. तिने ते आठ वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. कसं दिसणार? ते एका सेकंदाचं असतं. मोबाइलवर जवळून चित्रण करून सावकाश चालवून पाहा, ते चटकन लक्षात येतं.

जीभ फक्त पुढेच ढकलते असं नाही. काहींची कडेने, दाढांच्या मधे घुसते. मग पुढचे दात छान दिसतात आणि मागे दाढा एकमेकींना भेटत नाहीत. ही तऱ्हा घरी ओळखणं कठीण. दातांच्या डॉक्टरांनाच दाखवा.

६. गिळताना जीभ दातांना ढकलते, म्हणून दात पुढे येतात. बरोबर ना?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि अर्धाच बरोबर आहे.

हिशेब मांडून बघा. माणूस दिवसाला साधारण ५०० ते १००० वेळा गिळतो. झोपेत फारच कमी. दर वेळी जिभेचा दाब जेमतेम सेकंदभर. १००० वेळा धरलं तरी १००० सेकंद, म्हणजे १७ मिनिटांच्या आत. दात हलायला एवढं पुरत नाही. घास चावताना त्यांच्यावर याहून कितीतरी जास्त भार येतो आणि तरी ते जागेवर राहतात. दात सरकतात ते हलक्या, पण तासन्‌तास टिकणाऱ्या दाबाने. तारांची सगळी करामत त्यावरच चालते. विल्यम प्रॉफिट या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टांनी (दात-जबडा सरळ करणाऱ्या दंततज्ज्ञांनी) १९७८ साली हा समतोलाचा विचार नव्याने मांडला: बाहेरून ओठ आणि गाल, आतून जीभ, आणि या दोघांच्या विसाव्यातल्या दाबाच्या मधे दात उभे. दिवसाकाठी साधारण ६ तासांपेक्षा कमी काळ पडणाऱ्या दाबाचा दातांच्या जागेवर फारसा परिणाम होत नाही, असं साधारणपणे मानलं जातं.

म्हणून मी आधी विचारते, उरलेले तास जीभ कुठे असते? ती दिवसभर वरच्या-खालच्या दातांच्या मधे पडून असेल तर पुढचे दात पूर्ण वर येऊ शकत नाहीत आणि तोंड मिटल्यावरही समोर फट राहते. हिलाच 'ओपन बाईट' म्हणतात. जीभ कायम खाली असेल तर वरच्या दातांच्या कमानीला आतून आधार मिळत नाही आणि गालांचा दाब तेवढा उरतो. अरुंद टाळू आणि खाली पडलेली जीभ पुष्कळदा एकत्र दिसतात ती यामुळे.

आणखी एक उलटी बाजू. गिळायचं तर तोंड पुढून बंद व्हावं लागतं. अंगठा चोखून किंवा दुसऱ्या कशाने फट आधीच पडली असेल तर जीभ ती बुजवायला पुढे येणारच. तिथे जिभेला दोष देऊन उपयोग नाही. ती आपलं काम करते आहे.

७. माझं बाळ जीभ पुढे काढूनच गिळतं. कधीपर्यंत चालतं?

बाळाचं तसंच असतं. दात नसतात, दूध ओढायचं असतं, जीभ हिरड्यांच्या मधून पुढे येते. दात आले, घट्ट खाणं सुरू झालं, चावणं जमू लागलं की हळूहळू मोठ्यांसारखं गिळणं सुरू होतं. पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेकांचं बदलतं, काहींचं त्यानंतरही. सहा-सात वर्षांच्या आसपास पुढचे दुधाचे दात पडतात, तेव्हा मोकळ्या जागेतून जीभ डोकावते. ते तात्पुरतं असतं. नवे दात पूर्ण आल्यावरही जीभ तिथेच घुटमळत असेल, किंवा एवढ्यातच फट वाढताना दिसत असेल, तर दाखवा.

८. मुलगा दिवसा तोंड उघडं ठेवतो, रात्री आ वासून झोपतो. 'तोंड मीट, जीभ वर ठेव' म्हणून किती सांगायचं?

सांगणं थांबवा आणि आधी त्याचं नाक तपासून घ्या. हे मी अगदी कळकळीने लिहिते आहे. नाक चोंदलेलं असेल तर ते मूल तोंड मिटणार कसं? तोंडाने श्वास घ्यायचा तर हवेला वाट हवी, आणि वाट हवी म्हणून जीभ खाली. तुम्ही ओरडता तेव्हा ते दोन मिनिटं मिटतं आणि गुदमरून पुन्हा उघडतं. दोष त्याच्याकडे जातो. त्याचा त्यात काहीही दोष नसतो.

लहान मुलांत नाकामागची ॲडेनॉइड ग्रंथी वाढलेली असणं, टॉन्सिल मोठे असणं आणि ॲलर्जीची सर्दी ही नेहमीची कारणं. मोठ्यांत नाकाचा पडदा वाकडा असणंही आलं. टॉन्सिल फार मोठे असतील तर घशात जागा करायला जीभ पुढे सरकते, म्हणजे गिळण्याचा दोष मुळात घशातून आलेला असतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी वाट मोकळी केल्याशिवाय जिभेचे व्यायाम सुरू करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाकाचा आणि जबड्याचा संबंध किती जवळचा, हे ऑर्थोडॉन्टिस्ट ईगिल हार्वोल्ड यांच्या प्रयोगांत दिसलं. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी वाढत्या वयाच्या ऱ्हीसस माकडांच्या नाकपुड्या बंद केल्या. माकडं तोंडाने श्वास घेऊ लागली, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी: कुणी जबडा खाली पाडला, कुणी पुढे काढला, कुणी जीभ. दातांच्या जुळणीतले बिघाडही मग एकाच साच्याचे आले नाहीत. म्हणून 'तोंडाने श्वास घेणाऱ्याचा चेहरा असाच होतो' अशा ठाम विधानांवर विसंबू नका.

कारण दूर झाल्यावरही सवय मागे राहू शकते. त्या टप्प्यावर प्रश्न १० मधल्या व्यायामांचा खरा उपयोग होतो.

९. तोंडाने श्वास घेतल्याने दात किडतात का?

लाळ सुकली की धोका वाढतो. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती दात धुते, आम्लता कमी करते आणि दातांच्या कवचाला खनिजं परत देते. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की हे कवच विरघळू लागतं, आणि तो वर आणायचं काम लाळेचं. झोपेत लाळ आधीच कमी. त्यात रात्रभर तोंड उघडं म्हणजे पुढचे दात आणि त्यांच्या हिरड्या कोरड्या पडतात. सकाळी तोंडाला येणारा उग्र वास आणि फक्त वरच्या पुढच्या दातांभोवती लाल, सुजलेली हिरडी दिसली की मी आधी झोपेबद्दल विचारते.

१०. व्यायाम कोणते करायचे?

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट आल्फ्रेड रॉजर्स यांनी १९१८ साली तोंडाचे स्नायू म्हणजेच दातांचं जिवंत उपकरण आहे, असं मांडलं होतं. आज या शाखेला मायोफंक्शनल थेरपी म्हणतात. तपासणी करून घेतलेली असेल तर खालच्या गोष्टी घरी करता येतात.

सुरुवात जागा ओळखण्यापासून. कापसाची काडी प्रश्न १ मधल्या गाठीमागच्या वळ्यांवर टेकवा, काढा, आणि लगेच जिभेचं टोक तिथे न्या. डोळे मिटून करा. टोक दर वेळी बिनचूक जाऊ लागेपर्यंत पुढे जाऊ नका.

मग जीभ चिकटवणं. संपूर्ण जीभ टाळूला चोखल्यासारखी चिकटवा आणि ती न सोडता तोंड उघडा. आरशात जिभेखालचा पातळ पडदा ताणलेला दिसेल. पाच आकडे मोजा आणि सोडा. 'टॉक्' असा भरीव आवाज यायला हवा. आवाज फुसका आला तर एखादी कड नीट चिकटलेली नव्हती. लहान मुलांना हा आवाज फार आवडतो, त्यामुळे हा व्यायाम ती आपणहून करतात.

गिळण्याचा सराव त्यानंतर. तोंडात चमचाभर पाणी, टोक जागेवर, दाढा हलक्या टेकवलेल्या, आणि ओठ हसल्यासारखे उघडे. आता गिळा. ओठ उघडे असल्यामुळे चूक लपत नाही: जीभ पुढे आली तर दिसते, पाणी ओघळलं तर दिसतं. पहिले काही दिवस शर्ट भिजणारच. गालांवर, जबड्याच्या कोपऱ्यापाशी बोटं ठेवलीत तर तिथला स्नायू फुगलेला जाणवेल, आणि हनुवटी गुळगुळीत राहायला हवी. घोट जमला की आवंढा, मग मऊ पदार्थ, मग चावून खायचे पदार्थ, असा क्रम.

ओठ सैल असतील तर वाचताना किंवा टीव्ही बघताना ओठांत कागदाची पट्टी धरा, दातांत नाही. पडली की कळतं.

जिभेच्या टोकावर रबराचं बारीक कडं ठेवून सराव करण्याची पद्धतही आहे. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून लहान मुलांना एकट्याने कधीही करू देऊ नका.

११. किती दिवसांत फरक पडतो?

समोर बसून गिळताना दोन-तीन आठवड्यांत जमू लागतं. लक्ष नसताना तसंच होणं, ही खरी परीक्षा, आणि तिला काही महिने लागतात. दिवसातून एकदा अर्धा तास करण्यापेक्षा पाच-पाच मिनिटं तीन वेळा बरी. विसाव्याची जागा लक्षात राहावी म्हणून दिवसात वारंवार होणाऱ्या एखाद्या गोष्टीशी ती बांधून टाका: दार उघडलं की जीभ बघायची, फोन हातात घेतला की बघायची.

१२. अंगठा चोखणं आधी थांबवायचं की जिभेचा सराव आधी?

अंगठा आधी. अंगठा तोंडात असताना जीभ वर जाऊच शकत नाही. कायमचे पुढचे दात येण्याआधी, म्हणजे साधारण सहा वर्षांच्या आत, सवय सुटली तर पडलेली फट पुष्कळदा आपोआप भरते. रागावून ती सुटत नाही, चोरून सुरू राहते.

१३. जिभेखालचा पडदा आखूड आहे, तो कापून घ्यावा असं सांगितलंय. घ्यावा का?

पडदा आखूड दिसतो, एवढ्यावरून ठरवू नये. तोंड मोठं उघडून टोक टाळूपर्यंत जातं का, जीभ वर चिकटवता येते का (प्रश्न १०), खाण्यात, बोलण्यात किंवा दात स्वच्छ करण्यात अडथळा येतो का, हे पाहावं लागतं. जीभ खरोखरच बांधलेली असेल तर कितीही व्यायाम केले तरी ती वर राहणार नाही, आणि मग छोटी शस्त्रक्रिया योग्यच. कापण्याच्या आधी आणि नंतर सराव हवा, नाहीतर मोकळी झालेली जीभही जुन्याच जागी पडून राहते. तान्ह्या बाळाला दूध ओढता येत नसेल तर तो विचार वेगळा. त्यात वेळ घालवू नये.

१४. 'म्यूइंग' केल्याने जबडा रेखीव होतो का? मी २४ वर्षांचा आहे.

नाही. म्यूइंग म्हणजे जबड्याचा आकार बदलावा म्हणून जीभ टाळूला लावून ठेवणं. हा शब्द ब्रिटिश ऑर्थोडॉन्टिस्ट जॉन म्यू यांच्या आडनावावरून आला आणि इंटरनेटवर पसरला. जीभ टाळूला टेकलेली असावी इथपर्यंत ठीक. प्रश्न १ मध्ये तेच सांगितलं आहे. पण टाळूच्या मधोमध असलेला सांधा किशोरवयापासून जुळत जातो. तुमच्या वयात तो रुंद करायचा तर हाडात बसवलेले स्क्रू किंवा शस्त्रक्रिया लागते. जिभेच्या दाबाने ते होत नाही. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्सनेही या दाव्यांना ठोस शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलं आहे. आधी-नंतरच्या फोटोंत मान, प्रकाश आणि वजन बदललेलं असतं.

मला काळजी वाटते ती याच्यापायी तासन्‌तास जीभ रेटणाऱ्या मुलांची. जबड्याचा सांधा दुखू लागतो, दात आवळायची सवय लागते, आणि आरशासमोरचा वेळ वाढत जातो. चेहऱ्याबद्दल मनात इतकं घोळत असेल तर त्याबद्दल कुणाशी तरी बोला. जबड्यात खरंच दोष असेल तर ऑर्थोडॉन्टिस्ट तपासून सांगतील.

१५. तारा काढल्या आणि दोन वर्षांत फट परत आली. पैसे वाया गेले का?

हे माझ्याही बाबतीत झालं. चौदाव्या वर्षी तारा लागल्या, सोळाव्या वर्षी निघाल्या, दात सुरेख रांगेत होते. जिभेबद्दल उपचार करणारे कधी काही बोलले नाहीत. रिटेनर (तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवायचं उपकरण) मी काही महिन्यांनी बंद केला. अठराव्या वर्षी एकदा दोरा दातांनी तोडायला गेले तर पुढचे दात भेटेचनात. दोरा मधून सहज सरकत होता. मी या कामाकडे वळले त्याला तो दोरा कारण आहे.

दातांना नवी जागा दिली पण जिभेचा विसावा जुनाच राहिला, तर दाब पुन्हा तिकडेच पडतो. ओपन बाईटमध्ये हे जास्त होतं. कधी कधी जबड्याची वाढ हेही कारण असतं, त्यामुळे सगळा ठपका जिभेवर ठेवू नका. रिटेनर सांगितला असेल तितके दिवस वापरा, आणि तारा चालू असतानाच जिभेचा सराव सुरू करा. दुसऱ्यांदा उपचार घेऊनही दात जागेवर येतात.

१६. डॉक्टरांनी टाळूला जाळी बसवायला सांगितली आहे. व्यायाम पुरेसे नाहीत का?

जाळी जिभेला पुढे येऊ देत नाही आणि विसाव्याची जागा बदलायला भाग पाडते. काही मुलांना तिची खरंच मदत होते, विशेषतः अंगठ्याची सवयही असेल तर. पहिले काही दिवस बोलणं, खाणं अवघड जातं. जाळी आणि सराव बरोबर चालू द्या. जाळी निघाल्यावर कुठे जायचं, हे जीभ शिकलेली हवी.

१७. मुलीचा 'स' बोबडा येतो. गिळणं सुधारलं की उच्चार सुधारेल का?

आपोआप नाही. 'स' म्हणताना, किंवा 'चाक', 'जहाज' यांतला दंत्य 'च', 'ज' म्हणताना जीभ दातांबाहेर येते आणि गिळतानाही येते, अशी जोडी पुष्कळदा दिसते. तरी बोलणं सुधारतं ते बोलण्याच्या सरावाने. नुसते जीभ हलवण्याचे व्यायाम करून उच्चार बदलत नाहीत. दोन्हींवर एकाच वेळी काम करता येतं आणि तेच चांगलं. 'र' किंवा 'ळ' अडत असेल तर त्याचा गिळण्याशी बहुधा संबंध नाही.

१८. घोरणं यामुळे थांबतं का?

काहींचं कमी होतं. झोपेत जीभ सैल होऊन मागे पडते आणि श्वासाची वाट अडवते. जिभेचे आणि घशाचे स्नायू बळकट झाले तर हे कमी व्हावं, ही त्यामागची कल्पना. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले तेव्हा स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास वारंवार अडण्याचा विकार) असलेल्या प्रौढांत तासाला श्वास अडण्याचं प्रमाण सरासरी निम्म्यावर आलेलं दिसलं. ते अभ्यास लहान होते, आणि निम्म्यावर येणं म्हणजे बरं होणं नव्हे. सीपॅप मशीन (झोपेत हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र) लावत असाल तर ते डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. झोपेत श्वास थांबून दचकून जाग येत असेल, दिवसा वाहन चालवताना डुलकी लागत असेल, तर आधी झोपेची तपासणी.

१९. रात्री तोंडाला चिकटपट्टी लावली तर?

मुलांना मुळीच नाही. मोठ्यांनीही नाक चोंदलेलं असताना, घोरणं किंवा ॲप्नियाची शंका असताना, मद्य घेतलं असताना किंवा मळमळत असताना लावू नये. कारण न शोधता तोंड बंद करणं म्हणजे प्रश्न ८ मधलीच चूक.

२०. काही छोट्या शंका: जिभेच्या कडांना दातांचे ठसे, जीभ वर नेली की मळमळ, आणि कवळी.

ठसे: जीभ दातांवर दाबली जाते किंवा दात आवळले जातात, म्हणून उमटतात. नुसते ठसे असतील तर घाबरू नका. जीभच मोठी वाटू लागली असेल, सोबत थकवा किंवा सूज असेल, तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड मंद असल्यानेही जीभ सुजते.

मळमळ: टोकापासून सुरुवात करा आणि मागचा भाग काही दिवसांनी उचला. काही लोकांचा टाळू फार हुळहुळा असतो.

कवळी: इथे नियम उलटतो. खाली पूर्ण कवळी असेल तर जीभ खाली आणि पुढे, खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला हलकी टेकलेली ठेवा. जीभ मागे ओढली गेली की कवळीची पकड सुटते आणि ती उचलली जाते. सत्तरीतल्या माणसांनी नातवंडांच्या मोबाइलवर बघून जीभ वर ठेवायला सुरुवात केली आणि 'कवळी अचानक सैल झाली' म्हणून आली, असं मी एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे.

२१. पाणी पिताना ठसका लागतो, घास घशात अडकल्यासारखा वाटतो. हे व्यायाम करू का?

नको. वरचं सगळं तोंडातल्या सवयीबद्दल होतं. तुमची तक्रार प्रश्न ४ मधल्या त्या एका सेकंदाची असू शकते, जिथे श्वासाची वाट बंद व्हायला हवी. वारंवार ठसका, गिळल्यावर आवाज ओला-घरघरता होणं, प्यायलेलं नाकातून येणं, कारण नसताना वजन उतरणं, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणं, यांपैकी काहीही असेल तर उशीर करू नका. हे अचानक सुरू झालं आणि सोबत चेहरा एका बाजूला पडला, बोलणं अडखळलं किंवा हात लुळा वाटला, तर तो पक्षाघात असू शकतो. त्याच क्षणी इस्पितळात न्या आणि तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका.

बाकीच्यांची तपासणी कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि गिळण्यावर काम करणारे थेरपिस्ट मिळून करतात. नाकातून बारीक कॅमेरा घालून, किंवा एक्स-रेखाली घोट गिळायला लावून, नेमकं कुठे चुकतं ते पाहतात. तोवर ताठ बसून खा, लहान घोट घ्या, तोंडात घास असताना बोलू नका. तपासायला जाताना चार दिवसांची नोंद सोबत न्या: ठसका पातळ पदार्थाने लागतो की घट्ट, पहिल्या घोटाला की जेवणाच्या शेवटी, आणि गिळताना लागतो की थोड्या वेळाने.